गजभिये मॅडम थांबायच्या

पुस्तक परत करायला गेलं की गजभिये मॅडम ते लगेच घ्यायच्या नाहीत. तुम्ही पुस्तक पुढे केलं की त्या त्याचं दुसरं टोक धरायच्या. पुस्तक अर्धं तुमच्या हातात, अर्धं त्यांच्या. मग चष्म्याच्या वरून तुमच्याकडे पाहायचं आणि विचारायचं, "कसं झालं?"

आणि थांबायचं.

मागे रांग लागलेली असो, टेबलावरचा फोन वाजत असो, मॅडम हलणार नाहीत. तुम्ही काहीतरी खरं बोलेपर्यंत त्या टोक सोडायच्या नाहीत. भलेभले त्या थांबण्यात घामाघूम झालेले मी पाहिलेत. एक रिटायर्ड हेडमास्तर तर "नाही वाचलं हो मॅडम, पाहुणे होते घरी" असं कबूल करून तेच पुस्तक बगलेत मारून परत गेले.

माझी पहिली भेटही अशीच झाली. मी खापरखेड्याचा. तलाठी भरतीचा अभ्यास करायचा म्हणून नागपूरला आलो आणि कामठी रोडवरच्या त्या वाचनालयाच्या अभ्यासिकेत जागा धरली. कार्ड मिळालंच आहे तर म्हणून एक जाडजूड पुस्तक नेलं. दुपारी डोक्याखाली घ्यायला एकदम बराबर उंचीचं होतं. पंधरा दिवसांनी परत द्यायला गेलो.

"कसं झालं?"

"एक नंबर झालं मॅडम."

थांबल्या.

"म्हणजे, लेखकानं बम मेहनत घेतली."

थांबल्या.

"शेवट तर असा जबरदस्त आहे ना..."

"शेवटची पानं चिकटलेली हायेत," मॅडम म्हणाल्या. "छापखान्यातूनच तशी आली. कापल्याबिगर शेवट दिसत नाही, अन् आजवर कोणी कापली नाही. हे घे पट्टी. काप, वाच, मंग ये."

त्या दिवसापासून मी मॅडमची नक्कल करायला लागलो. ती खर्जातली, जराशी घासून येणारी आवाजाची पट्टी, "मंग"वरचा झटका, सगळं दोन दिवसांत बसलं. पण एक सांगून टाकतो. या बाईवर मी जेवढा जळलो, तेवढा माझ्या सख्ख्या मित्राला सरकारी नोकरी लागली तेव्हाही जळलो नव्हतो. आणि त्या रात्री तर मी जेवलो नव्हतो.

जळण्याचं कारण कळायला माझ्या बाबांबद्दल सांगावं लागेल. बाबा खापरखेड्याच्या वीज केंद्रात टर्बाइनवर होते. तिथे इतका आवाज असतो की माणसं एकमेकांशी हातवारे करून बोलतात. अख्खी नोकरी हातवारे केलेला माणूस घरी येऊन काय बोलणार? पण एक विद्या त्यांच्याकडे होती. लोखंडी सळईचं एक टोक चालू मशीनवर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं, डोळे मिटायचे आणि सांगायचं की आतली कोणती बेरिंग खराब होऊन राहिली. इंजिनियर लोक आधी मीटर पाहायचे, मग बाबांचं तोंड पाहायचे.

आणि मी काढायचो आवाज. शाळेचे हेडमास्तर, कामठीच्या बसचा कंडक्टर, प्रेशर कुकर, कोंबडा, भांडणारी मांजरं. गणपतीत स्टेजवर उभा राहिलो की सगळी कॉलनी लोळायची. बाबा शेवटच्या रांगेत बसायचे. घरी येताना मी विचारायचो, "कसं झालं बाबा?" बाबा म्हणायचे, "हं."

चांगलं नाही, वाईट नाही. "हं."

मोठा झालो, मोबाइलवर नकलांचे व्हिडिओ टाकायला लागलो. घरी गेलो की बाबांच्या समोर धरायचो. "हं." तलाठ्याची परीक्षा पास झालो नाही तर चालेल, पण या माणसाच्या तोंडून एकदा "चांगलं झालं" ऐकायचं, एवढं माझं ठरलं होतं. आईला माहीत होतं. ती म्हणायची, "अरे, त्यायले मशीनचंच ऐकू येते."

असं सगळं चाललेलं असताना वाचनालयाच्या समितीनं ठरवलं की आता ऑनलाइन व्हायचं. मॅडमची रिटायरमेंट जवळ आलेली. दुसरं कोणी असतं तर मान हलवून टाळलं असतं. मॅडम सरळ अभ्यासिकेत माझ्या टेबलापाशी आल्या.

"पंकज, तू दिवसभर मोबाइलमंदीच राह्यतं. म्हणजे तुले येत असन. शिकव."

मी शिकवलं. खोटं कशाला बोलू, मजा घ्यायलाच शिकवलं. पहिल्या रीलमध्ये मॅडमचं फक्त कपाळ, त्याच्यावर पंखा आणि मागे मागच्या वर्षीचं कॅलेंडर. कपाटांवर क्यूआर कोड लावायला दिले, तर दुसऱ्या दिवशी एकही चालेना. जाऊन पाहतो तर मॅडमनी प्रत्येकाला खाकी कागदाचं कव्हर घातलेलं.

"मॅडम, हे झाकलं तर मोबाइलले दिसन कसं?"

"अन् उघडं ठेवलं तर मळन त्याचं काय?"

कोणतं पुस्तक मागवायचं याचं ऑनलाइन मतदान घ्यायला शिकवलं. मॅडमनी ज्यांनी मत दिलं नाही त्या एकेकाला फोन लावला. "काहून गा, मत काहून नाही दिलं? तब्येत बरी हाय ना?" मग मी त्यांना ते प्रश्नांची उत्तरं देणारं ॲप दाखवलं. म्हटलं, याला जगातल्या कोणत्याही पुस्तकाबद्दल विचारा. मॅडमनी त्याच चिकटलेल्या पानांच्या पुस्तकाचा शेवट विचारला. त्यानं धडाधड सांगून टाकला, वरून लेखकाची स्तुतीही केली. मॅडमनी मोबाइल खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"हे तुह्याच गावचं दिसते."

तोवर मी खूश होतो. त्यांचे फजितीचे किस्से अभ्यासिकेत रंगवून सांगायचो. घोळ झाला तो ग्रुपपासून. परीक्षेवाली पोट्टी ज्या ॲपवर नोट्स वाटतात, त्यावर मी वाचनालयाचा एक ग्रुप काढून दिला. त्यात मॅडम रोज सकाळी वाचनालय उघडलं की कोणत्याही एका पुस्तकाचं एक पान वाचून टाकायच्या. कधी विहिरी बांधणाऱ्यांवरचं, कधी पाखरांवरचं, कधी लोणच्यांचं. वाचून झालं की विचारायच्या, "कसं झालं?" आणि त्याच्यानंतर रेकॉर्डिंग तसंच चालू. सात-आठ सेकंद नुसता पंखा. बाहेरून एखादा ऑटो जायचा.

पहिल्या दिवशी मला वाटलं, बंद करायचं विसरल्या.

"मॅडम, 'कसं झालं'वर बटन सोडत जा ना."

"काहून? वाचक बोलून राहिला ना."

"कोण वाचक? इथं तर कोणीच नाही."

"तो त्याच्या घरी बोलून राहिला. मधातच तोडू काय त्याले?"

मी त्यांना भाषण दिलं. म्हटलं मॅडम, या धंद्यात तीन सेकंद माणूस थांबत नाही, अंगठा वर जाते. तुम्ही आठ सेकंद पंखा ऐकवून राहिल्या! मॅडमनी ऐकून घेतलं, मान हलवली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पंखा.

बरं, ग्रुपमध्ये येणाऱ्या प्रत्येकाचं नाव त्या एका रजिस्टरमध्ये लिहायच्या, नंबर द्यायच्या. मी म्हटलं, "हे मोबाइलमंदी आपोआप मोजल्या जाते मॅडम." तर म्हणाल्या, "मोजल्या जाते. ओळखल्या जाते काय?" आणि पंधरा दिवस झाले की ते पान ग्रुपमधून काढून टाकायच्या. मुदत संपली!

"अहो, राहू द्या ना! कपाट थोडीच भरून राहिलं?"

"कपाट नाही म्हणूनच शिस्त पाहिजे. ज्याले पाहिजे तो रिन्यू करून मांगन."

आणि लोक मागायला लागले! इथून मी जळायला लागलो. कळमन्याच्या मार्केटातला एक अडत्या संत्र्यांचा लिलाव सुरू व्हायच्या आधी ऐकायचा आणि लिहायचा, "मॅडम, पाखरांचं पान रिन्यू करा, पोरीले ऐकवायचं राह्यलं." कामठीचा एक पॉवरलूमवाला माग बंद करून ऐकायचा. ग्रुप फुगत चालला. मी इकडे खोट्या मिशा लावून, म्युझिक टाकून, एका व्हिडिओमागे अख्खा दिवस घालून बसायचो आणि खाली माझ्या मावसभावाचा एक अंगठा. तोही मी फोन करून मागितलेला.

एका रविवारी घरी गेलो. आई दारातच म्हणाली, "हळू. ऐकून राहिले."

आत पाहतो तर बाबा खुर्चीत. डोळे मिटलेले. मोबाइल कानाला असा उभा लावलेला, जशी सळई लावायचे तसा. मॅडमचं विहिरीवालं पान चाललेलं. ते संपलं, "कसं झालं?" आलं, आणि माझा बाप, ज्यानं मला आयुष्यभर "हं" दिलं, तो माणूस मोबाइलला म्हणाला, "चांगलं झालं. पण त्यानं पायऱ्या उगवतीकडून काढाले पाहिजे होत्या मॅडम."

मी दारात पिशवी घेऊन उभा.

"बाबा, हे तुमच्याकडे कुठून आलं?"

"तूच तर धाडलं होतं."

खरं होतं. ग्रुप नवीन असताना मॅडमनी म्हटलं होतं, घरच्यांना सांग. मी लिंक पाठवली होती आणि विसरलो होतो. माझा खड्डा मीच खणून ठेवलेला.

"त्यायले ऐकू जात नाही बाबा तुमचं. रेकॉर्डिंग हाय ते."

"मालूम हाय मले," बाबा म्हणाले. "पण बाई थांबते. थांबलेल्या माणसाले उत्तर द्या लागते."

"अन् मी? मी इतके व्हिडिओ दाखवले तुम्हाले."

बाबांनी जरा विचार केला. "तू थांबतं कुठं गा? एक झालं की दुसरं. मी तोंड उघडतो तं तुहा कोंबडा आरवते."

आई हसली. मी नाही हसलो. त्या दिवशी जेवताना बाबांनी मॅडमबद्दल जेवढं विचारलं, तेवढं माझ्या अभ्यासाबद्दल कधी विचारलं नव्हतं. कुठल्या आहेत, किती वर्षं झाली, चष्मा कधीपासून. मला भाजी कडू लागत होती. ती वांग्याची होती आणि उत्तम झाली होती.

नागपूरला परत आलो आणि नकलेत विष घातलं. अभ्यासिकेत डब्याच्या वेळेला टेबलावर उभा राहून मॅडम काढल्या. कपाळ, पंखा, खाकी कव्हर, "काहून गा, मत काहून नाही दिलं?" पोट्टे खुर्च्यांवरून पडायच्या बेतात. मग एकदम सगळ्यांनी डब्यात डोकी घातली. मागे वळून पाहिलं तर दारात मॅडम.

मला वाटलं, गेलं आपलं कार्ड.

"पुन्हा कर," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, सॉरी..."

"कर ना गा. अर्धंच ऐकलं म्या."

केलं. आवाज हुबेहूब निघाला. मॅडमनी पूर्ण ऐकलं. "आवाज बराबर हाय. माह्या बहिणीले फोन लावला तं तिलेही समजणार नाही." मग जरा जवळ येऊन म्हणाल्या, "पण 'कसं झालं' म्हटल्यावर तू हसणाऱ्यायकडं पाह्यतं. मी त्या माणसाकडं पाह्यते." आणि वही घेऊन निघून गेल्या.

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. रागाची नक्कल करता येते.

त्यानंतर काही महिन्यांनी मॅडमच्या गळ्याचं ऑपरेशन ठरलं. गाठ होती, साधीच निघाली, पण डॉक्टरांनी दहा-बारा दिवस बोलायचं नाही म्हणून सांगितलं. जायच्या आदल्या दिवशी मॅडमनी मला ग्रुप सांभाळायला दिला. "सूचना टाकून दे. वाचन बंद हाय म्हणून. कारण नको लिहू, लोक उगाच फळं घेऊन येतात."

सूचना मी लिहिलीसुद्धा होती. दुसऱ्या दिवशी दुपारी वाचनालय रिकामं होतं. मी मॅडमच्या खुर्चीत बसलो. समोर लोणच्यांचं पुस्तक उघडं होतं, त्यांनीच खूण घालून ठेवलेली. आणि माझ्या डोक्यात आलं की उद्या सकाळी बाबा मोबाइल कानाला लावतील आणि "चांगलं झालं" म्हणतील. ते कोणाला म्हणतात हे त्यांना माहीत नसेल. मला असेल.

सूचना खोडली. घसा साफ केला, मॅडम लावल्या आणि लिंबाच्या लोणच्याचं पान वाचलं. शेवटी म्हटलं, "कसं झालं?" आणि थांबलो. आठ सेकंद मोजून. पंखाही तोच. सकाळी ग्रुपवर टाकलं.

एकदम बराबर चाललं. अडत्यानं लिहिलं, "वा मॅडम, तोंडाले पाणी सुटलं." लूमवाल्यानं हात जोडले. कोणाला संशय नाही. मी अभ्यासिकेत बसून गालातल्या गालात फुगून राहिलो होतो. आणि मग ग्रुपवर एक व्हॉइस नोट आली. बाबांची. बाबांनी आयुष्यात कधी व्हॉइस नोट पाठवली नव्हती. मी कोपऱ्यात जाऊन कानाला लावली.

"मॅडम, नमस्कार. खापरखेड्याहून वानखेडे बोलतो. आज आवाज तुमचा हाय, पण आतली बेरिंग तुमची नाही. हा माहा पोट्टा हाय. लहानपणी शाळेतून येऊन खोटं सांगाच्या पहिले जसा श्वास घे, तसाच घेतला त्यानं, 'लिंबं' म्हणाच्या पहिले. तुमची तब्येत बरी नसन म्हणून त्यानं केलं असन. त्याच्यावर रागावू नका." मग थोडं थांबून, "बाकी वाचलं चांगलं. चांगलं झालं."

आणि रेकॉर्डिंग चालूच. सात-आठ सेकंद. मागे आईचा कुकर.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण ज्या दोन शब्दांसाठी मी इतके कोंबडे काढले, ते मिळाले तेही त्या बाईच्या आवाजात वाचून! आणि त्याहून वाईट म्हणजे माझे लहानपणचे श्वास या माणसानं मोजून ठेवले होते, आणि मला वाटत होतं की "हं"च्या पलीकडे काही ऐकूच जात नाही.

ग्रुपवर गडबड उडाली. मॅडमना काय झालं, कुठे आहेत, फळं कुठे पाठवायची. व्हायचं तेच झालं. मॅडम दवाखान्यातून घरी आल्या, तसा मी जाऊन त्यांच्या घरी उभा राहिलो, नागपुरातच, इंदोऱ्याला. गळ्याला पट्टी, समोर टेबलावर वाचनालयाच्या जुन्या, बाद झालेल्या कॅटलॉग कार्डांचा गठ्ठा. बोलायचं नव्हतं म्हणून त्या कार्डांच्या मागे पेन्सिलीनं लिहीत होत्या. मी काही म्हणायच्या आत त्यांनी एका कार्डावर लिहिलं आणि पुढे केलं.

कसं झालं?

मी कार्डाचं टोक धरलं. दुसरं टोक त्यांनी सोडलं नाही.

"मॅडम, चूक झाली."

थांबल्या.

"लोकायचं वाचन बंद पडू नये म्हणून मी..."

थांबल्या. चष्म्याच्या वरून पाहत. घरात पंखासुद्धा चालू नव्हता.

"मी जळून राहिलो होतो मॅडम. बाबा तुम्हाले उत्तर देतात."

मॅडमनी कार्ड सोडलं.

मग दुसरं कार्ड घेतलं आणि त्यावर लिहिलं, "उद्यापासून तुह्या आवाजात वाच. लिंबाच्या पुढे आंबा आहे."

त्यांचा आवाज परत आला, पण पातळ होऊन आला. दिवाळीनंतर रिटायर झाल्या आणि भंडाऱ्याला बहिणीकडे राहायला गेल्या. निरोपाच्या दिवशी समितीनं शाल दिली, लोकांनी भाषणं केली. मॅडमना बोला म्हटलं तर माइकसमोर उभ्या राहून त्या पातळ आवाजात एवढंच म्हणाल्या, "कसं झालं?" आणि थांबल्या. अडत्या पुढच्या रांगेत होता, तो रडायलाच लागला.

आता सकाळचं पान मी वाचतो, माझ्या आवाजात. नंतर आठ सेकंद थांबतो. हे थांबणं अजून मला नीट जमत नाही, चौथ्या सेकंदाला कोंबडा घशात येतो. बाबा ऐकतात. परवा म्हणाले, "बरं झालं. पण मॅडमसारखं नाही." म्हणजे मी अजूनही जळतोच आहे.

पंधरा दिवस झाले की मी पानं काढून टाकतो, नियमच आहे. बाबांची ती व्हॉइस नोट तेवढी काढलेली नाही. पण नियम म्हणजे नियम, म्हणून दर पंधरा दिवसांनी भंडाऱ्याला फोन लावतो.

"मॅडम, एक रिन्यू करायचं होतं."

"नंबर सांग," मॅडम म्हणतात. त्यांना पाठ आहे, तरी विचारतात. मी बाबांचा रजिस्टरमधला नंबर सांगतो. पलीकडे पेन्सिलीचा आवाज येतो. मग त्या विचारतात, आणि थांबतात.